मेम्ब्रेन बदलण्यापूर्वी वही उघडा

पाण्याचा धंदा म्हणजे बिनजोखमीचा धंदा, असा एक समज आमच्या व्यापारी बांधवांत चांगलाच रुजला आहे. बोअर आपली, माल जमिनीतून वर येतो, गिऱ्हाईक दारात उभे. मग तोटा येणार कुठून? कापडाच्या दुकानात उधारी बुडते, साडीची फॅशन बदलते, दिवाळी-ईदला भरलेला माल पुढच्या दिवाळी-ईदपर्यंत पडून राहतो. पाण्याचा जार मात्र सकाळी भरून गेला की संध्याकाळी रिकामा होऊन परत येतो. हा हिशेब मांडणाऱ्यांत आम्हीही होतो. म्हणून त्यातली चूक सांगण्याचा थोडाफार हक्क आम्हाला आहे.

आमच्या भाच्याने जळगाव जामोद तालुक्यातील एका गावात ताशी १००० लिटरची आर.ओ. मशीन लावली. पैशाचा निम्मा वाटा आमचा. पहिले वर्ष बरे गेले. दुसऱ्या वर्षी धार बारीक होत गेली आणि एके दिवशी फोन आला, "मामू, मेम्ब्रेन गेल्या. चारही बदलाव्या लागतील असे मिस्त्री म्हणतो." बदलल्या. पाच महिन्यांनी पुन्हा तोच फोन, पुन्हा तेच वाक्य. वर्षभराची कमाई त्या चार नळकांड्यांत गेली. तेव्हा मात्र आम्ही दुकान मुलावर सोपवून दोन दिवस तिथे जाऊन बसलो. कापडाच्या गठ्ठ्यात भोक दिसले तर कसर लागली की उंदीर, हे पाहिल्याशिवाय आम्ही दुसरा गठ्ठा मागवत नाही. मग हजारो रुपयांची वस्तू का बिघडली हे न विचारताच आम्ही दुसऱ्यांदा पैसे कसे दिले, याची आम्हाला आजही शरम वाटते.

बाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगणे भाग आहे. बुलडाणा जिल्ह्याचे दोन भाग आहेत, घाटावरचा आणि घाटाखालचा. बुलडाणा, चिखली, मेहकर, लोणार हे घाटावर, काळ्या कातळावर. जळगाव जामोद, संग्रामपूर, शेगाव, नांदुरा हे घाटाखाली, पूर्णा नदीच्या गाळाच्या खोऱ्यात. हे खोरे म्हणजेच अकोला, अमरावतीपर्यंत पसरलेला खारपाणपट्टा. इथल्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही आणि साबणाला फेस येत नाही. संग्रामपूर, जळगाव जामोद भागात मूत्रपिंडाच्या विकाराने माणसे गेल्याच्या बातम्या वर्षानुवर्षे येत आहेत. त्याची कारणे डॉक्टरांनी ठरवायची; पण लोक जारचे पाणी चैन म्हणून घेत नाहीत, भीतीपोटी घेतात, एवढे आम्ही दुकानाच्या गल्ल्यावर बसूनही समजू शकतो. वान धरणावरून या दोन तालुक्यांच्या १४० गावांसाठी योजना झाली, तरी जारची सवय आणि गरज दोन्ही टिकून आहेत.

आता मशीनकडे वळू. आमच्या भाच्याला मशीन देणाऱ्याने घाटावरच्या एका गावात जशी मशीन बसवली होती, तशीच, त्याच मापाने, खाली बसवली. पाण्याचा पूर्ण तपास झालाच नव्हता. टीडीएसचे पेनाएवढे मीटर बुडवले, आकडा पाहिला, झाले. टीडीएस म्हणजे पाण्यात विरघळलेले सगळे मिळून किती, एवढेच. त्यात मीठ किती, चुना किती, लोह किती, सिलिका किती, हे ते मीटर सांगत नाही. गिऱ्हाईकाने दहा हजारांचा माल नेला म्हणून त्याने रेशीम नेले की मांजरपाट, हे कळत नाही, तसेच हे. आणि आर.ओ.च्या दृष्टीने हाच फरक महत्त्वाचा. मीठ मेम्ब्रेनवर बसत नाही, ते फक्त दाब खाते. बसतो तो चुना. कातळातल्या पाण्यात सिलिका असते. ती बसली तर काचेसारखी बसते आणि कोणत्याही साध्या तेजाबाने सुटत नाही. (आम्ही उर्दू शाळेत शिकलो, ऍसिडला आम्ही अजून तेजाबच म्हणतो. वाचकांनी समजून घ्यावे.)

मेम्ब्रेन ही वस्तू आम्ही पहिल्यांदा उघडून पाहिली तेव्हा आम्हाला ती ओळखीची वाटली. ते एक थानच आहे. पातळ पडद्याची पाकिटे, मध्ये जाळी, पुन्हा पाकीट, पुन्हा जाळी, आणि हे सगळे एका भोकाभोकाच्या नळीभोवती घट्ट गुंडाळलेले. हा पडदा काही परकी जादू नाही. १९६० च्या सुमारास अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात लोब आणि सौरीराजन या दोघांनी कामाला येईल असा पहिला पडदा बनवला, आणि यातले सौरीराजन आपल्या हिंदुस्थानात जन्मलेले. आपल्याकडे भावनगरच्या केंद्रीय मीठ संशोधन संस्थेनेही असे पडदे आणि खेड्यांसाठी असे प्रकल्प बनवले आहेत.

पण थान म्हटल्याने एक गैरसमज होतो आणि आमचा सगळा तोटा त्या गैरसमजातून झाला. फडक्याने पाणी गाळले तर सगळे पाणी फडक्यातून खाली जाते आणि कचरा फडक्यावर राहतो. मेम्ब्रेन तशी गाळत नाही. तिच्यात पाणी पडद्याच्या अंगावरून वाहत जाते. त्यातले काही पडद्यातून आरपार जाते, ते गोडे. उरलेले पाणी मागे राहिलेला क्षार धुऊन बाहेर नेते, ते रिजेक्ट. म्हणजे रिजेक्ट हे वाया गेलेले पाणी नव्हे, ती मेम्ब्रेनची धुलाई आहे.

आता व्यापाऱ्याच्या डोळ्याने पाहा. नळीतून पाणी नालीत पडताना दिसते आहे. वर टँकरचे पैसे मोजले आहेत. कात्रण वाया गेलेले आम्हाला बघवत नाही, तर पाणी कसे बघवेल? उन्हाळ्यात बोअर आटत आली तेव्हा भाच्याने रिजेक्टचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळला. आम्हीच एकदा फोनवर म्हणालो होतो, "अरे, एवढे पाणी फेकतोस?" ते वाक्य आम्हाला फार महाग पडले.

हिशेब साधा आहे. २००० टीडीएसचे १००० लिटर पाणी आत गेले. ५०० लिटर गोडे निघाले, ५०० लिटर फेकले, तर फेकलेल्या पाण्यात क्षार दुप्पट, म्हणजे ४००० च्या आसपास. ७५० लिटर गोडे काढले आणि २५० फेकले, तर चौपट, म्हणजे ८०००. मशीन तीच, पाणी तेच, पण शेवटच्या मेम्ब्रेनला मिळणारे पाणी चौपट खारट. त्यात विरघळलेल्या चुन्याला विरघळून राहायला जागा उरत नाही, तो पडद्यावर खडा होऊन बसतो. शिवाय दर हजार टीडीएसमागे साधारण पाऊण किलो दाब नुसता खारटपणाशी झुंजण्यात जातो. दहा-बारा किलोच्या दाबावर चालणाऱ्या मशीनचा निम्मा दाब शेवटच्या टोकाला असाच खर्ची पडतो. म्हणजे पाणी वाचवायला गेलो आणि धारही गेली, मेम्ब्रेनही गेली.

दुसरी चूक याहून लहान, पण तितकीच घातक. चुना बसू नये म्हणून अँटीस्केलंट नावाचे औषध थेंब थेंब सोडावे लागते. त्याचा पंप टक टक वाजत होता, म्हणून सगळे निश्चिंत होते. पण नळीत हवा अडकली होती आणि कॅनमधली पातळी कित्येक दिवस तिथेच होती. पंपाच्या आवाजावर विश्वास ठेवू नका, कॅनवर पेन्सिलीने रेघ मारा. रोज सकाळी रेघ आणि पातळी यांत अंतर पडले नाही, तर मशीन बंद.

धार कमी झाली म्हणजे मेम्ब्रेन गेली, हे समीकरण मिस्त्री लोकांनी सोयीचे म्हणून रूढ केले आहे. धार कमी व्हायला थंडीही पुरते. पाणी एक अंशाने थंड झाले की धार साधारण तीन टक्क्यांनी घटते. ऑक्टोबरात ३० अंशांचे पाणी डिसेंबरात २२ वर आले, तर जवळजवळ पाचवा हिस्सा धार काहीही न बिघडता कमी होते. उलट मे महिन्यात धार छान वाढते आणि मालक खूश होतो, पण त्याच वेळी क्षारही जास्त सुटून येतो. आणि गच्चीवरच्या काळ्या टाकीतले पाणी आमच्याकडे उन्हाळ्यात इतके तापते की हात भाजतो. साध्या मेम्ब्रेनची मर्यादा ४५ अंश आहे, ती तिथे सहज ओलांडली जाते. दहा रुपयांचे छप्पर टाकीवर घालायचे नाही आणि मेम्ब्रेन निकृष्ट निघाली म्हणून कंपनीला शिव्या द्यायच्या, हे आम्ही अनेक ठिकाणी पाहिले. (छप्पर दहा रुपयांत होत नाही हे मान्य, पण मेम्ब्रेनच्या मानाने दहाच रुपये.)

म्हणून निदान आकड्यांनी करावे. आत जाणाऱ्या पाण्याचा दाब आणि रिजेक्टचा दाब, गोड्या पाण्याची धार, आत आणि बाहेर दोन्हीकडचा टीडीएस, आणि पाण्याचे तापमान. बाहेरचा टीडीएस एकटा पाहू नये, कारण पावसाळ्यात बोअरचेच पाणी पातळ होते. आतल्याच्या किती टक्के बाहेर आला ते पाहावे. २००० आत आणि १०० बाहेर, म्हणजे पाच टक्के. धार कमी, क्षाराची टक्केवारी तीच आणि दोन दाबांतला फरक वाढलेला, तर वाट तुंबली आहे: चिकटा, माती किंवा घाण. धार कमी आणि टक्केवारीही चढती, तर बहुधा चुना. टक्केवारी एका रात्रीत उडाली असेल, तर मेम्ब्रेनला हात लावण्याआधी ओ-रिंग पाहा. चारही नळकांड्यांचे गोडे पाणी वेगवेगळे मोजले की कोणती गळते ते पाच मिनिटांत कळते. एका रबरी कड्यासाठी चारही मेम्ब्रेन बदललेला एक दुकानदार आमच्या माहितीत आहे.

आणि धार वाढली असेल, टीडीएसही वाढला असेल, तर तो तुंबा नव्हे. पडदा क्लोरीनने जळला आहे. बोअर आटली की काही जण नळयोजनेचे पाणी मशीनला जोडतात, त्यात ब्लीचिंग असते. पिण्याच्या दृष्टीने ते चांगले, पण आजच्या पॉलिअमाइड पडद्याला ते विष. कार्बन फिल्टर ताजा नसेल तर पडदा हळूहळू खाल्ला जातो आणि कोणत्याही धुलाईने परत येत नाही. खरे तर नळाला धरणाचे पाणी येत असेल, तर ते आर.ओ.मधून काढण्याची गरज काय, हेच आधी विचारायला हवे. ५०० च्या खाली टीडीएस असलेल्या पाण्याला आर.ओ. नको, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ साली म्हटले होते.

निदान पक्के करायचे तर नळकांडी उघडावी. घाण पहिल्या मेम्ब्रेनवर बसते आणि चुना शेवटच्या. पहिलीच्या तोंडावर बुळबुळीत थर आणि कुबट वास असेल तर जिवाणूंचा चिकटा. तांबूस गाळ असेल तर लोह. माती असेल तर वाळूचा फिल्टर आणि पाच मायक्रॉनची कांडी वेळेवर बदललेली नाही. शेवटची मेम्ब्रेन हातात घेतल्यावर जड लागली आणि टोकाशी खरखरीत पांढरा थर दिसला, तर त्याचा खडा बशीत घेऊन तेजाबाचा थेंब टाकावा. फसफसला तर साधा चुना, नशीब चांगले. नाही फसफसला तर सल्फेट किंवा सिलिका, मग पैसे गेले असेच समजून चालावे आणि पुढच्या खेपेला रिजेक्ट आणि औषध सांभाळावे. आमच्या खड्याला फेस आला. मिस्त्रीने भंगारात काढलेल्या पहिल्या चार मेम्ब्रेन धुता आल्या असत्या, हे आम्हाला तेव्हा कळले. त्या केव्हाच कबाडीकडे गेल्या होत्या.

धुण्याची रीत ऐकायला अवघड वाटते, पण रंगाऱ्याला किंवा धुलाईवाल्याला ती ओळखीची वाटेल. चुना आणि लोह तेजाबाने निघतो: शंभर लिटर गोड्या पाण्यात दोन किलो सायट्रिक ऍसिड, म्हणजे लिंबूसत्त्व. चिकटा निघतो कॉस्टिकने: शंभर लिटरला शंभर ग्रॅम, पीएच १२ च्या वर नाही आणि पाणी ३५ अंशांच्या वर नाही. पाणी वेगळ्या टाकीतून, छोट्या पंपाने, चार किलोच्या आत दाब ठेवून, नेहमीच्याच दिशेने तासभर फिरवायचे, तासभर मुरवायचे, पुन्हा फिरवायचे आणि मग गोड्या पाण्याने खळखळून काढायचे. पहिले काही पाणी जारमध्ये नव्हे, नालीत. तेही दोन्ही उतारे निवळून. तेजाब आणि कॉस्टिक एकत्र कधीही करू नये. चिकटा असताना आधी तेजाब घातले तर तो पक्क्या रंगासारखा आणखी धरून बसतो, म्हणून तिथे आधी कॉस्टिक, मग तेजाब. नुसता चुना असेल तर आधी तेजाब. हातमोजे आणि चष्मा घालावा, कॉस्टिक पाण्यात टाकावे, पाणी कॉस्टिकवर ओतू नये, आणि हे काम बारक्या पोरांच्या हाती देऊ नये.

पण हे सगळे वेळेवर केले तरच. धार दहा टक्क्यांनी घटली किंवा दाबाचा फरक पंधरा टक्क्यांनी वाढला की धुवा, असे मेम्ब्रेन बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात. निम्मी धार जाईपर्यंत थांबलात तर चुना जाळीत इतका भरतो की तेजाब आत शिरायलाही वाट राहत नाही. दहा टक्क्यांची घट डोळ्याला दिसत नाही, ती वहीत दिसते. आमचा भाचा दुकानाची कीर्द रोज लिहितो, कोणाकडे किती जार उधार आहेत ते तोंडपाठ सांगतो, पण मशीनची एक ओळही त्याने कधी लिहिली नव्हती. यात त्याला एकट्याला दोष देण्यात अर्थ नाही. मशीन विकणाऱ्याने दिली असती तर वही आली असती, पण मग त्याला दर पाच महिन्यांनी मेम्ब्रेन कशी विकता आली असती?

वीज हाही एक शत्रू. चालता चालता वीज गेली की चौपट खारट पाणी मेम्ब्रेनमध्येच उभे राहते आणि चुना निवांत बसतो. म्हणून बंद करताना आणि वीज परत आल्यावर, व्हॉल्व्ह पूर्ण उघडून पाच मिनिटे धुऊन घ्यावे. शक्य असेल तर गोड्या पाण्याची एक टाकी उंचावर ठेवून वीज गेल्यावर ते आपोआप आत यावे, अशी सोय करावी.

आता जे बोलायला जड जाते ते. भाच्याच्या मशीनचे गोडे पाणी बिघडत होते त्या महिन्यांत जार विकले जात होते. बिघडलेल्या मेम्ब्रेनचे पाणी थंड केले की खारटपणा जिभेला कळत नाही. भारतीय मानक १०५०० प्रमाणे टीडीएस ५०० पर्यंत असावा, दुसरी सोय नसेल तर २००० पर्यंत चालवून घ्यावा. आमचा आकडा किती चढला होता हे आम्ही सांगू शकत नाही, कारण कोणी लिहिलाच नाही. मीटर मारणाऱ्या दुकानदाराच्या गजाला कोपऱ्यात चीर असली तर आपण मापात पाप म्हणतो. भीतीपोटी पैसे मोजणाऱ्या घरात, जिथे एखादा डायलिसिसवर असेल, तिथे न मोजलेले पाणी पोचवणे याला काय म्हणावे? आमच्या मते प्रत्येक विक्रेत्याने त्या दिवसाचा टीडीएस पाटीवर खडूने लिहून दुकानाबाहेर टांगावा. धंदा कमी होईल असे वाटत असेल, तर ज्याची पाटी रिकामी आहे त्याचा होईल.

हीच गोष्ट वर्गणीतून बसवलेल्या मशीनांची. सवाबासाठी लोक मोठ्या मनाने पैसे देतात, मशीन बसते, उद्घाटन होते, नाव लिहिले जाते. पण कांडी, औषध आणि धुलाई यांचा खर्च कोणाच्याच खात्यात नसतो. दोन वर्षांनी त्या खोलीत सायकली ठेवलेल्या दिसतात. देणाऱ्यांनी मशीनच्या किमतीतला काही भाग बाजूला काढून पाच वर्षांच्या देखभालीसाठी ठेवावा. लहान मशीन चालेल, पण चालणारी हवी.

रिजेक्टच्या पाण्याचे काय, असे आम्हाला विचारतात. ते शेतात सोडू नये. खारपाणपट्ट्याच्या काळ्या मातीला तो मार सोसवत नाही. बोअरच्या जवळही नको, नाहीतर तेच पाणी आणखी खारट होऊन परत वर येईल. फरशी, गाडी, शौचालय यांना ते चालते. बाकी ठिकाणी आम्हालाही अजून समाधानकारक वाट सापडलेली नाही.

भाच्याने आता रिजेक्ट निम्म्यावर ठेवला आहे. नव्या मेम्ब्रेन लिंबूसत्त्वाने दोनदा धुतल्या. पहिल्या खेपेला धार पूर्ण परतली नाही, दुसऱ्या खेपेला बरीच परतली. धुण्याची टाकी, छोटा पंप आणि नळ्या त्याने स्वतः जोडून घेतल्या आहेत. एका गावासाठी ती टाकी महिनोन्‌महिने रिकामी पडून राहणार, म्हणून आसपासच्या चार-पाच मशीनवाल्यांनी ती वापरावी असे ठरले आहे. भाडे नाही. येणाऱ्याने आपले लिंबूसत्त्व, आपले मोजे आणि निदान महिनाभराची लिहिलेली वही घेऊन यावे. वही नसेल तर टाकी मिळणार नाही, असे भाच्यानेच ठरवले आहे.